ग्रामपंचायत : कोणाचे काम कोणते?

गोवा मुक्त झाल्यानंतर वर्षभराच्या आत, १९६२ साली, येथील खेड्यांतील जनतेने मतदानाने आपल्या पंचायती निवडल्या. आज राज्यात १९१ ग्रामपंचायती व दोन जिल्हा पंचायती असून त्यांचा कारभार गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ नुसार चालतो. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींची मुदत पाच वर्षांची ठरविली. लोकसंख्या वीस लाखांपेक्षा अधिक नसेल तर मधला स्तर न ठेवण्याची मुभा राज्याला आहे. म्हणूनच गोव्यात तालुका स्तरावर निवडून दिलेली पंचायत नाही.

निवडणूक झाली की मतदाराचे काम संपले आणि पुढचे सारे पंचाने पाहावे, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. वस्तुतः एकट्या पंचाला कोणतेही काम मंजूर करता येत नाही. पंचायतीचा अधिकार बैठकीत असतो आणि बैठकीचा निर्णय ठरावाच्या रूपाने नोंदला गेला तरच त्याला बळ येते.

एखाद्या वाड्यावरील गटार दर पावसाळ्यात तुंबते व पाणी घरांत शिरते, असे समजा. वाड्यावरील लोकांनी पंचायतीकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी. त्या प्रभागाच्या पंचाने हा प्रश्न बैठकीत मांडावा. बैठकीने ठराव केल्यावर अभियंत्याकडून खर्चाचा अंदाज तयार होतो. बैठक बोलावणे, तिचे अध्यक्षस्थान भूषविणे आणि ठरावाची अंमलबजावणी होते की नाही हे पाहणे, ही सरपंचाची जबाबदारी आहे. त्याच्या अनुपस्थितीत ती उपसरपंचाकडे येते. सचिव हा निवडून आलेला नसून शासनाचा सेवक असतो. इतिवृत्त लिहिणे, हिशेब व दप्तर सांभाळणे हे त्याचे काम होय. तोंडी आश्वासनावर विसंबल्यास यांपैकी एकही पायरी ओलांडली जात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा घरांत येते.

पंचावर काही बंधनेही आहेत. पंचायतीच्या कामाच्या ठेक्यात ज्याचा हितसंबंध आहे, तो पंच म्हणून राहण्यास अपात्र ठरतो. घरपट्टी असो वा बांधकामाचा परवाना, आप्त आणि परका असा भेद त्याला करता येत नाही. राज्यघटनेने महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या आहेत. निवडून आलेल्या महिलेच्या जागी तिचा पती किंवा दीर कारभार पाहू लागला, तर मतदारांनी जिला कौल दिला तिचाच आवाज बंद होतो. म्हणून बैठकीत तिने स्वतः बोलावे, आणि इतर पंचांनीही तिलाच विचारावे.

या सर्वांना जाब विचारण्याचे स्थान म्हणजे ग्रामसभा. गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते. जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर या महिन्यांतील एखाद्या रविवारी तिच्या सर्वसाधारण सभा भरतात. याखेरीज २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर व १९ डिसेंबर या दिवशी विशेष सभा होतात. मागील सभेचे इतिवृत्त वाचले जात असताना आपल्या गटाराचा उल्लेख त्यात आहे की नाही, हे ग्रामस्थांनी लक्षपूर्वक ऐकावे. जमाखर्चाविषयी शंका असल्यास ती तेथेच विचारावी. ठरावाची प्रत हवी असल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो.

सभा ओस पडली तरी गावाचे निर्णय थांबत नाहीत. मात्र ते मोजक्या लोकांच्या इच्छेने होतात. जमिनीचा वापर, पाणी, कचरा, रस्ते यांविषयीचे असे निर्णय मागाहून बदलून घेणे कठीण जाते. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना एकदा ग्रामसभा दाखवावी. नागरिकशास्त्राचा तो धडा त्यांच्या चांगलाच स्मरणात राहील, आणि मुलांबरोबर पालकही सभेला येऊ लागतील.