शोधनिबंध किती, की परिणाम किती?

एखाद्या मोठ्या डॉक्टरांचा सत्कार असला, की निवेदक त्यांची ओळख करून देताना सांगतात, ‘सरांचे दीडशे शोधनिबंध प्रसिद्ध आहेत.’ टाळ्या पडतात. त्या दीडशेंतून रुग्णांच्या पदरात काय पडलं, हे मात्र कोणी विचारत नाही. वैद्यकीय ग्रंथालयात बरीच वर्षं काम केल्यामुळे मला हा प्रश्न नेहमी पडतो.

संशोधकाचा प्रभाव मोजण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेत युजीन गारफील्ड यांनी ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची सुरू केली. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी-कोणी केला, याची ही नोंदवही. बारीक अक्षरांतले तिचे जाडजूड खंड आम्ही भिंगातून वाचत असू. आता ते काम संगणक करतो. पुढे २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं ‘एच-इंडेक्स’ सुचवला. हिशेब सोपा आहे. एखाद्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा उल्लेख झाला असेल, पण अकरा निबंधांना अकरा-अकरा उल्लेख मिळाले नसतील, तर त्याचा एच-इंडेक्स दहा.

आता हे माप एका मूत्ररोगतज्ज्ञाच्या कामाला लावून पाहू. चार्ल्स हगिन्स मूळचे कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे. शिकागो विद्यापीठात त्यांनी प्रोस्टेट ग्रंथीचा अभ्यास केला. पुरुषाच्या मूत्राशयाखाली असलेली ही छोटी ग्रंथी. ती पुरुषी संप्रेरकांवर पोसली जाते, हे त्यांनी आधी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं. मग त्यांच्या मनात आलं, तिथला कर्करोगही याच संप्रेरकांवर पोसला जात असेल का? १९४१ मध्ये त्यांनी आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी उत्तर छापलं. वृषणं काढली किंवा स्त्री-संप्रेरक दिलं, की रक्तातलं अ‍ॅसिड फॉस्फेटेज हे विकर कमी होत होतं, म्हणजे रोग मागे हटत होता. हाडांत पसरलेल्या कर्करोगानं अंथरुणाला खिळलेल्या काही रुग्णांच्या वेदना थोड्याच दिवसांत कमी झाल्या. रोग मुळापासून बरा होत नव्हता, पुढे तो पुन्हा डोकं वर काढायचा. पण शरीरात पसरलेला कर्करोग संप्रेरकांवर नियंत्रण ठेवून आटोक्यात आणता येतो, हे दिसलं. या कामासाठी १९६६ मध्ये हगिन्स यांना नोबेल मिळालं.

आज आपल्याकडेही अशा रुग्णांना पुरुषी संप्रेरकं रोखणारी इंजेक्शनं देतात. ती टोचणाऱ्या डॉक्टरला हगिन्स यांचं नावही आठवत नसेल. नव्या निबंधांतही १९४१ चा दाखला दरवेळी येत नाही. शोध सर्वांच्या अंगवळणी पडला, की त्याचा उल्लेखच थांबतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. म्हणजे प्रभाव फार मोठा झाला, की तो मोजदादीतून निसटतो!

त्याच वर्षी हगिन्स यांच्या जोडीनं नोबेल मिळालं पेटन राऊस यांना. कोंबड्यांतला एक कर्करोग विषाणूमुळे होतो, हे त्यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं. पुष्कळ वर्षं ते कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पारितोषिक मिळालं तेव्हा राऊस ८७ वर्षांचे होते. पहिल्या पाच वर्षांतले उल्लेख मोजून त्यांची किंमत ठरवली असती, तर?

एच-इंडेक्सची आणखी एक मर्यादा आहे. तो निबंधांच्या संख्येपुढे जाऊच शकत नाही. कोणी पाचच निबंध लिहिले आणि पाचही युगप्रवर्तक ठरले, तरी त्याचा अंक पाचच. उलट स्वतःचे आणि मित्रांचे दाखले देत राहिलं, तर अंक फुगवता येतो.

हा केवळ विद्वानांचा वाद नाही. आपल्या वैद्यकीय शिक्षकांच्या बढतीसाठी शोधनिबंध लागतात. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघतात, घाईत आकडे जुळवले जातात. असा निबंध खरा मानून कोणी औषध दिलं, तर किंमत मोजतो रुग्ण.

आकडे टाकून द्या, असं मी म्हणत नाही. वाचायला कुठून सुरुवात करावी, हे ते सांगतात. पण निवड समितीवर असाल, तर उमेदवाराला त्याचे सर्वांत चांगले तीन निबंध मागा आणि ते वाचा. सभागृहात श्रोते असाल, तर संख्येवर टाळ्या जरूर वाजवा. नंतर त्या डॉक्टरांना हळूच विचारा, ‘तुमच्या कामामुळे उपचारात काय बदललं?’ खऱ्या संशोधकाला हा प्रश्न आवडतो.