त्वचेंतून मेंदूकडे

माझे एक स्नेही शिक्षक होते. हजेरीपटावरील त्यांचें अक्षर टपोरें, छापल्यासारखें. पुढें तें ओळीगणिक बारीक होऊं लागलें. आम्ही थट्टेनें म्हणत असूं, 'शाई वाचवितां कीं काय ?' हात कांपूं लागला तेव्हां डॉक्टरांनीं कंपवाताचें निदान केलें. त्यांच्या मुलानें मला विचारलें, "काका, हें माझ्याही नशिबीं आहे काय ?"

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं सहा रोग्यांवरून या व्याधीचें वर्णन लिहिलें. मेंदूंतील डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात आणि हालचालींवरील ताबा सुटतो. बहुतेकांस हा रोग वारशानें येत नाहीं. त्या मुलाला मीं प्रथम हेंच सांगितलें. परंतु थोड्या घराण्यांत तो एकाच जनुकाच्या दोषामुळें पुढच्या पिढींत उतरतो. अमेरिकेंतील आयोवा येथील एका घराण्याची हकीकत २००३ सालीं प्रसिद्ध झाली, ती मोठी विलक्षण आहे. अल्फा-सिन्युक्लीन हें प्रथिन घडविणारें जनुक तेथें बिघडलेलें नव्हतें. त्याच्या दोन प्रतींऐवजीं चार होत्या, इतकेंच!

आतां या चार प्रती पेशींत काय करितात, हें पाहावें कसें ? जिवंत माणसाच्या मेंदूंतून पेशी काढून घेणें सहसा शक्य नाहीं. मृत्यूनंतर पाहावें, तर ज्या पेशींविषयीं प्रश्न, त्यांतील बऱ्याचशा आधींच नष्ट झालेल्या.

वाट सांपडली ती जपानांत. क्योटोचे शिन्या यामानाका यांनीं २००६ सालीं उंदराच्या आणि २००७ सालीं माणसाच्या त्वचेंतील पेशींत चार जनुकें घालून त्यांच्या मूळपेशी बनविल्या; म्हणजे शरीरांतील जवळजवळ कोणतीही पेशी होऊं शकतील अशा पेशी. याबद्दल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह २०१२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या मूळपेशींपासून डोपामीन निर्माण करणाऱ्या मज्जापेशी वाढवितां येतात. रूप पालटलें तरी त्यांतील वारसा त्याच रोग्याचा राहतो, आणि सारें महत्त्व आहे तें यांतच.

२०११ सालीं एडिंबरो व लंडन येथील संशोधकांनीं, चार प्रती असलेला एक रोगी आणि त्याचा निकटचा निरोगी आप्त, अशा दोघांच्या त्वचेपासून मज्जापेशी वाढविल्या. रोग्याच्या पेशींत तें प्रथिन दुप्पट भरलें. दोनाच्या चार प्रती, म्हणून प्रथिनही दुप्पट. माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या गणित-मास्तरासही पटावें असें हें उत्तर! त्याच वर्षीं दुसऱ्या एका जनुकदोषाच्या बाबतींत अमेरिकेंतील संशोधकांनीं रोग्याच्या मूळपेशींतील नेमका दोष दुरुस्त करून दाखविला. त्यामुळें बाकी सर्व बाबतींत सारख्या अशा दोन पेशी शेजारीं ठेवून तपासतां येऊं लागल्या.

एक अडचण मात्र आहे. त्वचेची मूळपेशी होतांना तिचें वय पुसलें जातें. कंपवात बहुधा उतारवयांत दिसतो आणि बशींतील पेशी असतात कोंवळ्या. वर्षानुवर्षें होणारी झीज त्यांत उमटत नाहीं.

हें सारें ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग माझी त्वचा कोणाच्या उपयोगी पडेल का ?" मीं म्हटलें, "अशा कामांत निरोगी आप्ताचीही लागते रे !"