कलकत्त्याचा एक डाव

बुद्धिबळाच्या डावाचा अभ्यास म्हणजे विजेत्याच्या युक्तीचे कौतुक, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु पराभूताचा खेळ कोठवर निर्दोष होता आणि नेमक्या कोणत्या खेळीस त्याचा तोल गेला, हे शोधल्याखेरीज डाव उमगत नाही, आणि त्या दृष्टीने १८५५ साली कलकत्त्यास जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर व देशी बुद्धिबळात मुरलेले महेशचंद्र बॅनर्जी ह्यांच्यात झालेला डाव मला फार उद्बोधक वाटतो.

पांढरी मोहरी घेतलेल्या कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सारले. महेशचंद्रांनी राजाच्या बाजूचा घोडा काढला, मग त्याच बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर पुढे केले, आणि तिसऱ्या खेळीस वजिरापुढचे प्यादे दोन घरे लोटून मध्यावरच आव्हान दिले. देशी खेळात प्याद्याला पहिल्या खेळीसही सामान्यतः एकच घर चालण्याची मुभा असे. उंटाला बाजूस बसवून लांब तिरप्या रेषेवर त्याचा पहारा ठेवण्याची पद्धत त्यातूनच अंगवळणी पडली असावी. प्रतिपक्षाच्या प्याद्यांना मध्य व्यापू द्यावा आणि मग दुरून त्यांचा पाया पोखरावा, हे ह्या प्रारंभाचे मर्म. पुढे १९२२ साली व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने तो स्पर्धांत खेळला आणि बुद्धिबळाच्या दप्तरी त्याचेच नाव दाखल झाले, ह्याची मला मनापासून खंत वाटते.

प्रारंभ निर्दोष होता. घात झाला तो मागाहून. कॉक्रेनचा उंट राजापुढच्या प्याद्यावर आणि वजीर राजाच्या उंटापुढच्या प्याद्यावर रोखलेला असता, महेशचंद्रांनी पहिल्याच्या बंदोबस्तासाठी राजाशेजारचा हत्ती एक घर सरकवला, आणि दुसऱ्याची राखण एकट्या राजावर पडली. पांढऱ्या हत्तीने काळ्या वजिराला दोनदा हुसकावून मूळ घरी परतवले. सतराव्या खेळीस कॉक्रेनचा घोडा आपल्या उंटाला उघडा टाकून पुढे झेपावला, काळ्याने तो उंट मारला, आणि लगेच घोड्याने ते दुबळे प्यादे टिपले. राजाला घोडा घेता येईना, कारण त्यामागे वजिराचे बळ होते. आता दुहेरी शह, वजिराचे बलिदान आणि स्वतःच्याच मोहऱ्यांनी कोंडलेल्या राजाला घोड्याची मात, एवढेच उरले होते. उंट मारण्याऐवजी राजापुढचे प्यादे एक घर चालवून वजिराची रेषा अडवली असती, तर ती मात तरी टळती. जिज्ञासूंनी पट मांडून चौदाव्या खेळीस हत्ती जागचा न हलवता खेळून पाहावे; ज्या प्याद्यासाठी तो हलवला, ते घोड्याने आधीच राखलेले होते.