साठवण आणि सांभाळ – भाग ९ : फरक पाठवताना

मागच्या भागात आपण पाहिलं की बीटीआरएफएस आणि झेडएफएस या फाईलसिस्टिममध्ये स्नॅपशॉट घ्यायला एक क्षणही पुरतो. जुना मजकूर जागच्या जागी खोडला जात नाही, नवा दुसरीकडे लिहिला जातो. त्यामुळे कालची स्थिती जपण्यासाठी काहीच उचलून ठेवावं लागत नाही. आज पुढची पायरी: कालचा आणि आजचा स्नॅपशॉट यांमधला फक्त फरक दुसऱ्या मशीनवर पाठवणं. डिस्क केवढीही मोठी असो, दिवसभरात जेवढं बदललं तेवढंच जातं. रोजचा बॅकअप यामुळेच परवडतो. पण हा फरक बिनचूक निघतो याची खात्री कोण आणि कशी करतं, हा आजचा विषय आहे. बॅकअपवर बोलताना हा भाग बहुतेक वेळा राहून जातो.

बीटीआरएफएसमध्ये ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ ही जोडी २०१२ साली, लिनक्स कर्नल ३.६ मध्ये आली. सेंड दोन्ही स्नॅपशॉटच्या अंतर्गत रचना शेजारी ठेवून चालत जातो. जो भाग दोघांत सामाईक आहे तो न वाचताच ओलांडतो, आणि उरलेल्यातून सूचनांची यादी तयार करतो: ही फाईल बनव, ह्या डिरेक्टरीचं नाव बदल, इथून इथपर्यंत हा मजकूर लिही, फाईल एवढ्यावर काप, परवानग्या अशा ठेव. रिसीव्ह त्या सूचना ओळीनं पाळतो. परगावच्या घरातलं सामान फोनवरून सांगून हलवावं, तसं हे आहे. सांगणाऱ्याला तिथली खोली दिसत नाही, आणि ऐकणाऱ्याला शेवटी मांडणी कशी हवी हे ठाऊक नसतं. त्यामुळे प्रत्येक सूचना ज्या क्षणी पोचेल त्या क्षणी पाळता येण्याजोगी असावी लागते.

आता एक साधं उदाहरण घेऊ. ‘क’ नावाची डिरेक्टरी, तिच्या आत ‘ख’. बीटीआरएफएसमध्ये सबव्हॉल्यूमच्या मुळाचा आयनोड क्रमांक, म्हणजे अंतर्गत ओळखक्रमांक, २५६ असतो, म्हणजे नव्या सबव्हॉल्यूममध्ये ‘क’ला २५७ मिळाला आणि ‘ख’ला २५८. पहिला स्नॅपशॉट घेतला. मग कोणीतरी ‘ख’ बाहेर काढली आणि ‘क’ उचलून तिच्या पोटात टाकली. दुसरा स्नॅपशॉट घेतला. आईची लेक झाली, लेकीची आई.

सेंड आयनोड क्रमांकाच्या चढत्या क्रमानं काम करतो, म्हणून आधी २५७ हाती घेतो. ‘क’चा नवा पत्ता हवा, तर तिचा पालक ‘ख’. ‘ख’ची पाळी अजून आलेली नाही, म्हणून तिचा जुना पत्ता धरायचा, आणि जुन्या पत्त्यात तिचा पालक ‘क’. ‘क’चा पालक पुन्हा ‘ख’. हे फेरे संपतच नाहीत. पत्ता लांबत जातो, कर्नल त्यासाठी आणखी आणखी मेमरी मागत राहतो. ही चूक २०१४ मध्ये फिलिपे मानाना यांनी दुरुस्त केली. उपाय असा, की पालकाची हलवाहलव उरकेपर्यंत मुलाची थांबवून ठेवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण थांबवलेल्या डिरेक्टरीवर दुसरी थांबलेली असू शकते, तिच्या वाटेत तिसरीच्या नावाची फाईल बसलेली असू शकते, आणि ज्या जागी जायचं ती डिरेक्टरी याच यादीत पुढे पुसली जाणार असू शकते. या एका दुरुस्तीनंतर तिच्याच जवळपासच्या अनेक चुका सापडत गेल्या.

म्हणूनच इथे रिग्रेशन चाचणीला, म्हणजे दुरुस्त केलेली चूक परत आली नाही ना हे पाहणाऱ्या चाचणीला, पर्याय नाही. लिनक्सच्या फाईलसिस्टिम एफएसटेस्ट्स नावाच्या चाचणीसंचावर घासून पाहिल्या जातात. हा संच मुळात एसजीआय कंपनीत एक्सएफएससाठी जन्मला, म्हणून त्याला अजूनही अनेक जण एक्सएफएसटेस्ट्स म्हणतात. प्रत्येक चाचणी ही एक शेल स्क्रिप्ट असते, आणि तिच्या जोडीला अपेक्षित उत्तराची फाईल. सेंडच्या चाचण्यांचा वेगळा गट आहे, आणि त्यातल्या बहुतेकींचा आराखडा सारखाच असतो. कोरी डिस्क फॉरमॅट करायची, ठराविक डिरेक्टरी आणि फाईल ठराविक क्रमानं बनवायच्या, पहिला स्नॅपशॉट, मग नेमकी ती उलथापालथ, दुसरा स्नॅपशॉट. दोन्ही स्नॅपशॉटचा गोषवारा काढून ठेवायचा. सूचनांच्या याद्या फाईलमध्ये साठवायच्या. मग डिस्क पुन्हा फॉरमॅट करायची आणि केवळ त्या याद्यांवरून दोन्ही स्नॅपशॉट उभे करायचे. हे दुसरं फॉरमॅट फार महत्त्वाचं आहे: मूळ मजकूर कुठेच उरत नाही, त्यामुळे यादीत जे नाही ते दुसरीकडून मिळण्याची सोय नसते.

गोषवारा काढणाऱ्या साधनाचं नाव एफएससम. ते नावं, मालकी, परवानग्या, बदलल्याची वेळ आणि आतला मजकूर यांचा हिशोब धरतं. फाईल वाचल्याची वेळ मात्र मुद्दाम वगळली जाते, कारण तपासणीसाठी वाचलं तरी ती बदलू शकते. मला या साधनाचं मोल सगळ्यांत जास्त वाटतं, आणि त्याचं कारण झेडएफएसच्या एका चुकीत आहे.

झेडएफएसमध्ये डेटाच्या प्रत्येक ब्लॉकच्या नोंदीत त्याचा जन्म कोणत्या व्यवहारात झाला ते लिहिलेलं असतं. फरक काढताना जुन्या स्नॅपशॉटनंतर जन्मलेलेच ब्लॉक घ्यायचे, इतका सरळ हिशोब. फाईलमधल्या रिकाम्या जागांना, ज्यांना होल म्हणतात, अशी जन्मनोंद आधी नव्हती. ती पुढे होल बर्थ या सुविधेनं आली. काही प्रसंगी, विशेषतः फाईल कापून पुन्हा वाढवली की, ही नोंद हरवायची. मग सेंडला ती रिकामी जागा जुनीच वाटायची आणि तो ती पाठवायचाच नाही. पलीकडे त्या जागी आधीचा मजकूर तसाच राहायचा.

इथे कोणतीही एरर येत नाही. रिसीव्ह यशस्वी होतो. पलीकडच्या पूलवर स्क्रब, म्हणजे साठवलेला मजकूर चेकसमशी पडताळणारी तपासणी, चालवला तरी तो पूल निर्दोष ठरतो, कारण चेकसम तिथे लिहिलेल्या मजकुराचा असतो आणि तो मजकूर धडधाकट असतो. फक्त तो मूळ फाईलचा नसतो. लिनक्सवरच्या झेडएफएसनं ०.६.५.८ या आवृत्तीपासून ही जन्मनोंद पाठवताना दुर्लक्षित करायला सुरुवात केली. थोडं जास्त पाठवावं लागलं तरी चालेल, हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो. या प्रसंगासाठी झेडएफएसच्या स्वतःच्या संचात स्वतंत्र चाचणीही आहे.

‘आज्ञा पूर्ण झाली, शून्य परत आलं’ एवढ्यावर समाधान मानणारी चाचणी बीटीआरएफएसची ती न संपणारी फेरी पकडेल, पण झेडएफएसचं हे होल तिला कधीच दिसणार नाही. यादृच्छिक उलाढाली करणारं एफएसस्ट्रेससारखं साधन चुका हुडकायला फार उपयोगी आहे, पण एकदा सापडलेली चूक परत येणार नाही याची हमी त्यावर सोडता येत नाही. त्यासाठी छोटी, नेमकी तीच स्थिती घडवणारी चाचणीच हवी. ती दुरुस्तीआधीच्या कर्नलवर नापास होते हे आधी दाखवावं लागतं. जुन्या कर्नलवरही उत्तीर्ण होणारी चाचणी ती चूक तपासतच नाही. एफएसटेस्ट्समधल्या अलीकडच्या चाचण्यांत तर कर्नलमधली कोणती दुरुस्ती त्या तपासतात याची नोंदच स्क्रिप्टमध्ये असते, आणि चाचणी नापास झाली की ती दुरुस्ती तुमच्याकडे नसावी असं पडद्यावर उमटतं.

घरी किंवा कार्यालयात असा बॅकअप चालवणाऱ्यांना हीच तुलना करता येते. स्नॅपशॉट केवळ वाचण्यापुरते असल्यानं मूळ आणि पोचलेला, दोन्ही शेजारी ठेवून निवांत तपासता येतात. आरसिंक ‘काही न लिहिता फक्त फरक दाखव’ या पर्यायानं चालवावं, पण मजकुराचा चेकसम काढायचा पर्याय त्यासोबत हवाच. तो नसेल तर आरसिंक फाईलचा आकार आणि बदलल्याची वेळ एवढंच पाहतं, आणि होलच्या त्या चुकीत या दोन्ही गोष्टी दोन्हीकडे अगदी सारख्या असतात.