नाव नसलेली कबर: जुन्या खुनातल्या अनोळखी मय्यतीची ओळख कशी पटते?

२५ फेब्रुवारी १९५७. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कडेला, झाडीत पडलेल्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात लहान मुलाचा मृतदेह सापडला. अंगावर मारहाणीच्या खुणा होत्या. पोलिसांनी त्याच्या चेहऱ्याची पत्रकं शहरभर वाटली, पण कुणीच पुढे आलं नाही. शेवटी त्याला बेवारस म्हणून दफन करण्यात आलं. त्याला नाव मिळायला ६५ वर्षं लागली. डिसेंबर २०२२ मध्ये पोलिसांनी जाहीर केलं की तो जोसेफ ऑगस्टस झरेली, जन्म जानेवारी १९५३. खुनी कोण, हे तेव्हाही समजलं नव्हतं.

मग इतक्या वर्षांनी नुसतं नाव कळून काय उपयोग, असं कुणी विचारेल. उपयोग आहे. मेलेला कोण हे कळल्याशिवाय तो शेवटी कुणाबरोबर होता, कुणाशी वैर होतं, हे पोलीस विचारणार तरी कुणाला? खुनाचा तपास नावापासूनच सुरू होतो.

ओळख पटते कशी?

आधी हाडं आणि दात बोलतात. त्यांवरून वय, उंची, स्त्री की पुरुष याचा अंदाज येतो. जुनं फ्रॅक्चर, दातातलं सिमेंट, गोंदण, कपड्यावरचं टेलरचं लेबल, यांतलं काहीही धागा ठरू शकतं. बोटं शाबूत असतील तर ठसे जुळवले जातात. फक्त कवटी हाती असेल, तर संशयित व्यक्तीचा फोटो तिच्यावर बसवून पाहतात.

शेवटी येतो डीएनए. तो दातात आणि मांडीच्या हाडात बराच काळ टिकतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या: डीएनए स्वतःहून नाव सांगत नाही. तो जुळवायला समोर नातेवाईक लागतो. जोसेफच्या बाबतीत वंशावळीच्या माहितीसाठ्यातून आधी त्याच्या आईकडचे नातेवाईक सापडले. त्यांच्यावरून आई कोण ते कळलं. मग तिच्या मुलांचे जन्मदाखले काढले आणि शेवटी वडिलांकडच्या नात्यातूनही खात्री केली. त्यासाठी त्याची कबर दोनदा उघडावी लागली, १९९८ मध्ये आणि २०१९ मध्ये. दफन केलं होतं, म्हणूनच ते शक्य झालं.

आपल्याकडे काय होतं?

अनोळखी मृतदेह सापडला की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होतं. घातपात दिसला तर खुनाचा गुन्हा दाखल होतो. दुसरीकडे, बेपत्ता माणसाची ‘मिसिंग’ नोंद त्याच्या घराजवळच्या ठाण्यात असते. ही दोन कागदं एकमेकांना भेटली, तर ओळख पटते. मिसिंग दिलेलीच नसेल, तर भेटणार काय?

बदनामी होईल, मुलगी गेली तर लोक काय म्हणतील, या भीतीने घरचे गप्प बसतात. ही चूक फार महागात पडते.

घरच्यांचं काय अडकतं?

माणूस हयात की मयत हे ठरत नाही, तोवर घरातली प्रत्येक गोष्ट लटकते. जनाजाची नमाज नाही, वारसाहक्काची वाटणी नाही, बायकोची इद्दत नाही. सात वर्षं ज्याची खबरबात नाही, तो मयत असल्याचं कायदा गृहीत धरू शकतो. पतीचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल, तर १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याखाली पत्नी कोर्टातून निकाह संपुष्टात आणू शकते. तो निकाल लागू व्हायला आणखी सहा महिने जातात. ओळख पटली, तर ही सारी वाट पाहणं संपतं.

आपण काय करू शकतो?

– माणूस हरवल्याबरोबर मिसिंग द्या. २४ तास थांबायचा कुठलाही कायदा नाही. मूल हरवलं असेल तर एफआयआर नोंदवण्याचा आग्रह धरा. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच तसं सांगितलं आहे.

– अलीकडचा, दात दिसतील असा फोटो, दातांचे आणि हाडांचे जुने एक्स-रे, ऑपरेशनचे कागद जपून ठेवा.

– वर्षं उलटली तरी ठाण्यात जा आणि डीएनए नमुना द्यायची तयारी लेखी कळवा. आईवडील किंवा मुलांचा नमुना सगळ्यात उपयोगी. ते नसतील तर भाऊबहीण, मामा, खाला यांचाही चालू शकतो.

– बेवारस मय्यतींचं कफन-दफन करणाऱ्या आपल्या भावांना एक विनंती. दफनाआधी डीएनए नमुना घेतला का, हे पोलिसांना विचारा. कब्रस्तानच्या रजिस्टरमध्ये कबरीचा नंबर, तारीख, ठाण्याचं नाव आणि अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक लिहा. उद्या एखादी आई शोधत आली, तर कोर्टाच्या किंवा दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाने तीच कबर उघडता येईल.

बेवारस मय्यतीला खांदा देणं हे सवाबाचं काम आपण करतोच. रजिस्टरमधली ती एक ओळही त्याच कामाचा भाग समजूया.