गावाचा 'मेजर' कोण?

सातारा, सांगली, नगरकडच्या कोणत्याही गावात जा. सैन्यातून सुटीवर आलेल्या माणसाला गाव 'मेजर' म्हणते. तो साधा शिपाई असो, नाईक असो की हवालदार. एस.टी. स्टँडवर उतरला की चहावाला हाक घालतो, "काय मेजर, कधी आलात?" लष्कराच्या कागदावर मेजर हा वरच्या श्रेणीचा अधिकारी, गावाला त्याचे सोयरसुतक नाही. वर्दीचा मान म्हणून गाव हे नाव देते. आमचा प्रश्न एवढाच, की हे नाव गाव सर्वांनाच देते काय?

पलटणीत हाक मारण्याची रीत पक्की असते. कंपनीची हजेरी, शिस्त, कामाची वाटणी पाहणारा कंपनी हवालदार मेजर म्हणजे जवानांचा 'सीएचएम'. ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरुटांना कवायत शिकवणारा 'उस्ताद'. त्याच्या वर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर. हे तिघे जेसीओ. शिपाई म्हणून भरती होऊन, घाम गाळून माणूस इथवर चढतो. सुभेदार मेजर पलटणीत एकच असतो. त्याला 'एसएम साहेब' म्हणतात. त्याच्या खांद्यावर राजमुद्रा असते, सम्राट अशोकाचे सिंह! नवा कोरा लेफ्टनंट हुद्द्याने त्याच्या वर, पण तोही त्याला 'साहब' म्हणूनच बोलतो. तिथे जात विचारून हाक मारता येत नाही.

नायब सुभेदाराला 1965 पर्यंत 'जमादार' म्हणत. हा कमिशन मिळालेल्या माणसाचा हुद्दा. पण हिंदी मुलखात हाच शब्द झाडूवाल्याला चिकटला. लष्करात जमादाराचा नायब सुभेदार झाला. वस्तीतला जमादार जमादारच राहिला, आणि झाडूही ज्यांच्या हाती होता त्यांच्याच हाती राहिला. शब्द एकच, पण एका अंगावर तो तलवार होतो आणि दुसऱ्या अंगावर खराटा. याला काय म्हणावे?

आपल्या चळवळीला 'सुभेदार' म्हटले की एकच माणूस आठवतो, रामजी सकपाळ. त्यांचे वडील मालोजीही सैन्यातच होते. रामजीबाबा लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. महूच्या छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी बाबासाहेब जन्मले ते सुभेदाराच्या घरी. त्या घरात पुस्तक होते, इंग्रजी होते, शिस्त होती, ती या हुद्द्याबरोबर आलेली. आणि नेमका त्याच सुमारास इंग्रजांनी दरवाजा लावून घेतला. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात 'लढवय्या जाती' कोणत्या याच्या याद्या झाल्या आणि महारांची भरती बंद पडली. ज्यांच्या नावापुढचा 'नाक' कोरेगावच्या स्तंभावर कोरलेला होता, ते लढवय्ये नाहीत म्हणे! निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली याविरुद्ध अर्ज लिहिला. हुद्द्याची वाट बंद झाली की पोरांची शाळाही बंद होते, हे त्या पेन्शनरांच्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

पण हुद्दा तरी किती दूर साथ देतो? 1901 सालची गोष्ट बाबासाहेबांनीच लिहून ठेवली आहे. सुभेदारांची मुले चांगले कपडे घालून वडिलांना भेटायला निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. पोरांनी महार असल्याचे सांगताच त्याचा चेहरा पालटला आणि तो खोलीत निघून गेला. पुढे दुप्पट भाडे देऊनही गाडीवान गाडीत बसेना. बैल पोरांनी हाकायचे आणि तो चालत येणार. छावणीच्या फाटकाबाहेर सुभेदारी संपली होती.

यावर उपाय म्हणून बाबासाहेब भरतीमागे लागले. 1941 साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या वस्त्यांत पुन्हा हवालदार, सुभेदार दिसू लागले.

आमच्या वस्तीत असेच एक निवृत्त सुभेदार होते. पहाटे उठून दाढी, पॉलिश केलेले बूट, दारावर रंगवलेली पाटी. पारावर बसणाऱ्या नाईकाला गाव 'मेजर' म्हणे. यांना मात्र अर्ध्या नावाने, अरेतुरेने हाक. एकदा आम्ही लहान पोरांनी विचारले, तुम्हाला राग येत नाही का? ते म्हणाले, "ते हाक मारतात, मी ओ देत नाही." खरेच देत नसत. पोस्टमन पेन्शनचा कागद घेऊन दारात "सुभेदारसाहेब!" म्हणे, तेव्हाच उठत. पुढे ग्रामपंचायतीत काम पडले की शिपाईसुद्धा 'साहेब' म्हणू लागला, कारण दुसऱ्या कशालाही ते वळून पाहतच नसत. तोवर त्यांची दाढी पार पांढरी झाली होती.

आता ती पिढी सरत चालली आहे. घरोघरी ट्रंकेत डिस्चार्ज बुके पडली आहेत. त्यांवर नंबर, पलटण, हुद्दा सगळे लिहिलेले आहे. पोरांना मात्र आजोबा 'मिलिटरीत होते' एवढेच ठाऊक असते. कोण सीएचएम होता, कोण नायब सुभेदार, कोणाला निवृत्तीच्या वेळी मानद लेफ्टनंट केले, हे सांगता येत नाही. समाजबांधवांनो, या रविवारी ती ट्रंक उघडा. हुद्दा वहीत उतरवून घ्या. आणि म्हातारा घरात हयात असेल तर त्याच हुद्द्याने त्यांना एकदा मोठ्याने हाक मारा, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.