वाफ, दाब आणि कपभर एस्प्रेसो

कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी स्वागत समारंभ असला की एका कोपऱ्यात चकचकीत स्टीलचे यंत्र उभे असायचे. यंत्रवाला जगात दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफी घेऊन तो नळीखाली धरायचा. ‘सूंऽऽ’ असा आवाज व्हायचा, फेस काठापर्यंत चढायचा आणि वर कोकोची चिमूट पडायची. तिला आपण सगळेच ‘एक्स्प्रेसो’ म्हणायचो आणि लहान मुले दोन-दोनदा रांगेत उभी राहायची.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने पहिल्या पगारातून घरी कॉफीचे यंत्र आणले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५ बार’ असे छापलेले. महिनाभर त्याने खटपट केली, पण कपात यायचे ते फेसाळ, पातळ आणि कडवट पाणी. बहीण म्हणाली, “एवढ्या पैशात घरात नवा मिक्सर आला असता.” यंत्र विकायला निघालेल्या भाच्याला मी थोडे थांबायला सांगितले आणि या विषयाच्या मागे लागलो. त्या शोधातून हाती आले ते एवढेच, की एस्प्रेसो हा उष्णतेचा नव्हे, दाबाचा खेळ आहे. हे एकदा नीट कळले की कुठे पैसे घालायचे आणि कुठे वाचवायचे ते आपोआप कळते.

वाफेची मर्यादा

‘एस्प्रेसो’ या इटालियन शब्दात दाबून बाहेर काढल्याचा अर्थ आहे. इटलीतल्या तुरिनच्या अँजेलो मोरिओंडो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले आणि १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी एकेक कप काढणाऱ्या यंत्राचे. ही यंत्रे बॉयलरमधल्या वाफेच्या जोरावर पाणी कॉफीतून ढकलत. जोर मिळायचा एक-दीड बारचा, म्हणजे आपल्या घरातल्या कुकरच्या आसपास. आपल्या लग्नातले यंत्र याच घराण्यातले म्हणावे लागेल. फरक एवढाच, की तिथे वाफ कॉफीच्या पुडीतून जात नव्हती, थेट दुधात शिरत होती.

मग बॉयलरचाच दाब का वाढवला नाही? याचे उत्तर आपल्या कुकरमध्ये आहे. शिट्टीच्या कुकरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो आणि त्या दाबाला पाणी १२० अंश सेल्सिअसला उकळते. म्हणून तर डाळ लवकर शिजते. एस्प्रेसोला नऊ बार दाब लागतो. नुसत्या वाफेने तो आणायचा तर तापमान १८० अंशांवर जाईल. कॉफीला हवे असते ९० ते ९६ अंशांचे पाणी. त्याहून फार तापले की कडू आणि जळकट अर्क उतरतो. म्हणजे वाफेने दाब वाढवावा तर कॉफी जळते आणि कॉफी वाचवावी तर दाब मिळत नाही.

ही कोंडी अखिले गाज्जा यांनी फोडली. त्यांनी १९३८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, दांडा आणि स्प्रिंग असलेले यंत्र बाजारात आणले. पाणी तापवायचे काम बॉयलरचे, ढकलायचे काम स्प्रिंगने दाबलेल्या दट्ट्याचे. उष्णता आणि दाब यांची अशी फारकत झाली आणि कपावर पहिल्यांदा तो तांबूस, दाट थर दिसला, ज्याला ‘क्रेमा’ म्हणतात. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात उतरताच बारीक बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. १९६१ च्या ‘फाएमा ई ६१’ या यंत्राने दांड्याच्या जागी विजेचा पंप आणला. तत्त्व मात्र तेच राहिले.

कोल्हापूरकराला हे समजायला गुऱ्हाळ पुरेसे आहे. उसाचा रस काढायला कोणी ऊस उकळत नाही. आधी चरकात पिळायचा, मग काहिलीत आटवायचा. पिळण्याचे काम वेगळे, तापवण्याचे वेगळे.

नऊ बार म्हणजे किती?

एक बार म्हणजे ढोबळमानाने दर चौरस सेंटीमीटरला एक किलो भार. हॉटेलातल्या यंत्राची कॉफीची चाळणी सुमारे ५८ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे क्षेत्रफळ साडेसव्वीस चौरस सेंटीमीटरच्या आसपास भरते. तिच्यावर नऊ बार दाब म्हणजे सुमारे २४० किलो भार. तालमीतले तीन तगडे पैलवान एकमेकांच्या खांद्यावर उभे करावेत, तेवढा!

मग हाताने हे जमणार कसे? वाटा दोन आहेत. पहिली तरफेची. दट्ट्या ४० मिलिमीटरचा केला तर भार ११५ किलोंवर येतो आणि एकास सहा प्रमाणाचा दांडा लावला की हाताला वीसेक किलोच जोर लावावा लागतो. दुसरी वाट आपल्या जुन्या रॉकेलच्या स्टोव्हची. स्टोव्हला पंप मारताना छोटा दट्ट्या पुन्हा पुन्हा दाबून आपण टाकीत दाब साठवायचो. प्रवासात नेण्याजोगी पाणबाटलीएवढी हातपंपाची साधने याच तत्त्वावर चालतात. एक चौरस सेंटीमीटरच्या दट्ट्याला नऊ किलोंचा जोर पुरतो आणि तेवढा तळहाताने देता येतो.

या हिशेबाने बाजारातली साधने तपासता येतात. १९३३ मध्ये आलेला आणि पुढे इटलीच्या घराघरांत पोहोचलेला अल्फोन्सो बियालेत्ती यांचा मोका पॉट एक ते दोन बार दाब देतो. २००५ मध्ये अमेरिकेत ॲलन ॲडलर यांनी आणलेला ‘एरोप्रेस’ म्हणजे प्लास्टिकची मोठी सिरिंज. तिचा व्यास सहा सेंटीमीटरच्या जवळ असल्याने पंचवीस किलोंचा जोर लावूनही दाब एक बारच्या आतबाहेरच राहतो. दोन्हींतून उत्तम, दाट कॉफी निघते. पण तिला एस्प्रेसो म्हणता येणार नाही. आणि ‘१५ बार’? तो पंपाचा जास्तीत जास्त दाब असतो, वाट पूर्ण बंद असतानाचा. कॉफीवर प्रत्यक्ष किती दाब पडेल हे पुडीच्या अडथळ्यावर ठरते.

खरा खर्च दळणावर

भाच्याचे दुखणे इथेच होते. यंत्र ठीक होते, पुडी चुकीची होती. त्याने दुकानातून आणलेली पूड दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली, म्हणजे एस्प्रेसोसाठी भरड होती आणि तिच्यात चिकोरी मिसळलेली होती. अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे उरलेला जवळजवळ अर्धा भाग चिकोरीचा असू शकतो. पाकिटावर हे प्रमाण छापलेले असते, ते वाचावे.

शिवाय स्वस्त यंत्रांबरोबर बहुधा दुहेरी तळाची चाळणी येते. तिला खाली एकच बारीक छिद्र असते. पूड कशीही असली तरी त्या छिद्रामुळे फेस दिसतो, पण तो क्रेमा नव्हे. साधी, एकेरी तळाची चाळणी घेतली की दाब पुडीलाच अडवावा लागतो आणि दळण बिघडले असेल तर लगेच उघडे पडते.

घरच्या मिक्सरने हे दळण साधत नाही. पाते दाणे फोडते, दळत नाही. काही पीठ होते, काही कणी राहते. पाणी कणीतून वाट काढून पळते. त्यासाठी दोन दातेरी भागांत दाणे चिरडणारी हातचक्की हवी. जात्याचीच ही धाकटी बहीण. हजार-दोन हजारांत मोका पॉट येतो. नऊ बार देणारे हातसाधन सात-आठ हजारांपासून पुढे जाते. हातात दहा हजार असतील तर मी आधी चांगली हातचक्की आणि मोका पॉट घ्यायला सांगेन. दाबाचे साधन वर्षभराने घेतले तरी चालेल. चक्की तेव्हाही तीच कामाला येईल.

मोका वापरताना खालच्या भागात गरम पाणी भरावे, पूड ठासू नये, आच मंद ठेवावी आणि गुरगुर सुरू होताच उतरवावा. ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तापणार नाही. दाबाच्या साधनात मात्र पूड मिठाहून बारीक असावी आणि सारखी दाबलेली असावी. प्रमाण एकास दोन: १८ ग्रॅम पुडीला कपात ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंदांत. लवकर उतरली तर दळण बारीक करावे, अडली तर भरड. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या आसपास असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या जवळ उकळते. लहान साधनात ते ओतताच निवते, म्हणून साधन आधी गरम पाण्याने तापवून घ्यावे आणि मग उकळीचे पाणी सरळ वापरावे.

प्रवासात हातपंप, चक्की आणि चांगला थर्मास एवढे पुरते. रेल्वेच्या डब्यातल्या चार्जिंगच्या जागेवर विजेची किटली लावायला मनाई आहे. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जाताना थर्मास घरूनच भरून न्यावा.

एक इशारा

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा वसाहती असलेल्या गावात “एवढं तर लेथवर करून घेऊ” हा विचार येणारच. मलाही आला. तसे करायचेच तर दोन गोष्टी पाळाव्यात. लेथवर सहज कापले जाणाऱ्या पितळात थोडे शिसे असते. गरम, आम्लधर्मी कॉफीला त्याचा स्पर्श नको. ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील आणि खाद्यपदार्थांसाठीचे सिलिकॉनचे वायसर वापरावेत. दुसरे, कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडून वाफ काढण्याचा उद्योग कोणीही करू नये. नळी तुंबली तर सगळी भिस्त एका सेफ्टी व्हॉल्व्हवर राहते. आणि एवढा धोका पत्करूनही दाब मिळणार तो एकाच बारचा.

भाच्याने यंत्र विकले नाही. हातचक्की घेतली, एकेरी चाळणी मागवली, चिकमगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया आणल्या. आठ-दहा कप मोरीत गेल्यावर एका रविवारी तांबूस, मधासारखी धार उतरली. बहिणीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. मग तिने म्हशीचे दूध गरम केले, त्यात ती कॉफी ओतली, साखर घातली आणि वर कोकोची चिमूट टाकली.

“आता झाली एक्स्प्रेसो,” ती म्हणाली. नवा मिक्सर मात्र तिला अजून हवाच आहे.